डॉक्टरच्या आधी पोलीस का येतात?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्याच्या कानावर कधी ना कधी हे वाक्य पडतंच: 'त्याला सेक्शन केलं.' म्हणजे १९८३ च्या मेंटल हेल्थ ॲक्टमधलं एखादं कलम लावून त्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध मनोरुग्णालयात ठेवलं. कलम २ लागलं तर तपासणीसाठी २८ दिवसांपर्यंत. कलम ३ लागलं तर उपचारांसाठी आधी सहा महिन्यांपर्यंत, आणि ती मुदत पुढे वाढवताही येते. कलम १३६ पोलिसांसाठी आहे. रस्त्यावर किंवा स्टेशनवर कोणी मानसिक संकटात दिसलं, तर पोलीस त्याला 'सुरक्षित जागी' घेऊन जाऊ शकतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हा कायदा सगळ्यांना एकच आहे. पण तो सगळ्यांना सारखा लागत नाही. मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षात इंग्लंडमध्ये दर एक लाख गोऱ्या लोकांमागे सुमारे ६४ वेळा अशी सक्ती झाली. कृष्णवर्णीय लोकांमध्ये हाच आकडा सुमारे २२८ होता, म्हणजे साडेतीन पट. रुग्णालयातून अटी घालून सोडायचं आणि अटी मोडल्या तर परत आणायचं, अशीही एक तरतूद आहे. तिचं नाव कम्युनिटी ट्रीटमेंट ऑर्डर. २०२१ मध्ये सरकारने स्वतःच्या श्वेतपत्रिकेत मान्य केलं, की कृष्णवर्णीयांवर या ऑर्डरचा वापर गोऱ्यांच्या तुलनेत दहापटीहून जास्त होतो.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. २०१४ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात चिंता, नैराश्य अशा त्रासांवर कुठले तरी उपचार मिळत असलेल्यांचं प्रमाण कृष्णवर्णीय गटात सगळ्यांत कमी होतं. म्हणजे साधी मदत मिळण्यात हे लोक शेवटी, आणि सक्तीची मदत मिळण्यात पहिले.

आमच्या ताज्या भागात हा विषय निघाला, पण तासाभरात कसाबसा आटपावा लागला. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, 'कल्चरली ॲप्रोप्रिएट सपोर्ट' म्हणजे नक्की काय? संस्कृतीला साजेशी मदत म्हणजे वॉर्डात जमैकन जेवण द्यायचं का? हा लेख त्या प्रश्नासाठी. थोडक्यात उत्तर द्यायचं तर असं: जेवण द्या, जरूर द्या, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा आहे, की आजारी माणूस मदतीपर्यंत कुठल्या वाटेने पोचतो आणि त्या वाटेवर त्याला कोण भेटतं.

आजार रक्तात आहे का?

सगळ्यांत आधी मनात येणारी शंका घेऊ. या समाजात आजारच जास्त असेल, म्हणून सक्ती जास्त होत असेल?

आग्नेय लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल इथे 'ईसॉप' नावाचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. कॅरिबियन वंशाच्या लोकांमध्ये स्किझोफ्रेनियाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे नऊ पट आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांमध्ये जवळजवळ सहा पट दिसलं. एवढंच वाचलं तर वाटेल, की हे आनुवंशिक असणार.

पण मग ज्या बेटांवरून ही माणसं आली तिथेही प्रमाण तेवढंच हवं ना? १९९० च्या दशकात जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोस इथे जाऊन संशोधकांनी हेच तपासलं. तिथलं प्रमाण ब्रिटनमधल्या कॅरिबियन लोकांपेक्षा कितीतरी कमी निघालं, साधारण गोऱ्या ब्रिटिशांच्या आसपास. त्रिनिदादचा १९९६ चा अभ्यास दिनेश भुग्रा यांच्या नेतृत्वाखाली झाला होता. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात शिकलेले भुग्रा पुढे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सचे अध्यक्ष झाले.

तर रक्त तेच, पण देश बदलला की आकडा बदलतो. मग कारण देशात शोधायला हवं. ईसॉपच्या संशोधकांना लहानपणी आईवडिलांपासून झालेली ताटातूट, बेकारी, एकटेपण यांचा आजाराशी संबंध दिसला. दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेलचा २००१ चा एक अभ्यास तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याला हात घालतो. ज्या वस्तीत अल्पसंख्याक लोक संख्येने कमी, तिथे त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त. जिथे आपल्यासारखी माणसं जास्त, तिथे कमी. आपल्या लोकांत असणं हे नुसतं बरं वाटण्यापुरतं नसतं, ते मनाचं काही प्रमाणात संरक्षण करत असावं.

निदानाचाही प्रश्न आहेच. फ्रेडरिक हिकलिंग हे जमैकाचे नामवंत मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी लंडनच्या एका मनोरुग्णालयातले रुग्ण स्वतः तपासले आणि आपलं निदान तिथल्या ब्रिटिश डॉक्टरांच्या निदानाशी ताडून पाहिलं. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. गंमत अशी, की दोन्ही बाजूंनी स्किझोफ्रेनिया ठरवलेल्या रुग्णांची एकूण टक्केवारी जवळजवळ सारखी होती. पण तो आजार नेमका कोणाला आहे, यावर एकमत फारच कमी होतं. म्हणजे 'गोरे डॉक्टर उगाच जास्त निदान करतात' इतकं हे सोपं नाही. तपासणारा कुठून बघतो, यावर समोरचं वागणं आजार ठरतं की नाही हे अवलंबून असतं. पेंटेकोस्टल चर्चमध्ये वाढलेली बाई म्हणाली, 'देव माझ्याशी बोलला', तर ती भक्ती आहे की भ्रम? हे ठरवायला त्या चर्चमध्ये रविवारी काय चालतं ते माहीत असावं लागतं. किंवा निदान विचारावं तरी लागतं.

भीतीचं चक्र

२००२ मध्ये सेन्सबरी सेंटर फॉर मेंटल हेल्थ या संस्थेने एक अहवाल काढला. त्यात मांडलेलं 'भीतीचं चक्र' आजही या विषयात वापरलं जातं. कृष्णवर्णीय माणसाला यंत्रणेची भीती वाटते, म्हणून तो डॉक्टरकडे जात नाही. घरचे सांभाळून घेत राहतात. आजार वाढतो, एक दिवस हाताबाहेर जातो, मग पोलिसांना बोलवावं लागतं. डॉक्टर आणि नर्स या माणसाला पहिल्यांदा बघतात ते अशा अवस्थेत, त्यामुळे त्यांनाही त्याची भीती वाटते. भीतीपोटी जास्त औषध दिलं जातं, जास्त बळ वापरलं जातं. तो माणूस बाहेर येऊन जे सांगतो ते ऐकून पुढच्या दहा जणांची भीती पक्की होते.

ही भीती मनाचे खेळ नाहीत. तिच्यामागे नावं आणि तारखा आहेत.

डेव्हिड बेनेट, लोक त्यांना रॉकी म्हणत. जन्म जमैकाचा, वय ३८, रास्ताफारी. नॉरिचच्या एका क्लिनिकमध्ये ते रुग्ण होते. ३० ऑक्टोबर १९९८ च्या रात्री दुसऱ्या एका रुग्णाशी त्यांचं भांडण झालं. त्यात त्यांना वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्या. मग दुसऱ्या वॉर्डात हलवलं ते त्यांनाच. तिथे त्यांनी एका नर्सला मारलं, आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना जमिनीवर पालथं दाबून धरलं. बराच वेळ. त्यातच ते गेले. काही वर्षं आधी त्यांनी तिथल्या प्रमुखांना पत्र लिहून विचारलं होतं, की इथे इतके कृष्णवर्णीय रुग्ण आहेत, मग कर्मचाऱ्यांत आमच्यातलं कोणीच कसं नाही? निवृत्त न्यायाधीश सर जॉन ब्लोफेल्ड यांच्या चौकशी समितीचा अहवाल २००४ मध्ये आला. या आरोग्यसेवेत संस्थात्मक वंशभेद आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. रुग्णाला पालथं धरायचंच झालं तर तीन मिनिटांपेक्षा जास्त कधीच नाही, अशीही शिफारस होती.

सहा वर्षांनी, २०१० मध्ये, २३ वर्षांचा सेनी लुईस लंडनच्या बेथलेम रॉयल रुग्णालयात स्वतःहून, आईवडिलांबरोबर मदत मागायला गेला. तिथे ११ पोलिसांनी त्याला दाबून धरलं, आणि तो परत शुद्धीवर आला नाही. त्याच्या कुटुंबाच्या लढ्यातून २०१८ मध्ये मनोरुग्णालयांतल्या बळाच्या वापरावर कायदा झाला. त्याला 'सेनीचा कायदा' म्हणतात.

एखादी जमैकन आजी नातवाला म्हणते, 'काही झालं तरी हॉस्पिटलात सांगू नकोस', तेव्हा ते अज्ञान नसतं. तिने बातम्या ऐकलेल्या असतात, शेजारच्या मुलाचं काय झालं ते बघितलेलं असतं. तिला मानसिक आरोग्यावरचं माहितीपत्रक देऊन काय होणार?

मग साजेशी मदत म्हणजे काय?

हे चक्र कुठून तोडायचं, तर सुरुवातीलाच. माणूस घाबरून घरात बसलेला असतो त्या टप्प्यावर त्याच्यापर्यंत कोणीतरी विश्वासाचं पोचायला हवं. चांगल्या सामुदायिक उपक्रमांमध्ये पाच गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट जागा. दवाखान्याच्या पाटीखालून आत जायची हिंमत होत नसेल, तर मदत तिकडे न्यायची जिथे लोक एरवीही जातात. चर्चचा हॉल, जेवणाचा क्लब, न्हाव्याचं दुकान. हसू नका. लंडनमध्ये आणि अमेरिकेतल्या शहरांत कृष्णवर्णीय न्हाव्यांना, समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं आणि कधी पुढे पाठवायचं, याचं प्रशिक्षण देण्याचे उपक्रम झालेत. खुर्चीत बसलेला तरुण तिथे अर्धा-पाऊण तास असतो, दर दोन-तीन आठवड्यांनी येतो, आणि आरशाकडे बघत बोलतो. डॉक्टरला एवढा वेळ कुठे मिळतो? वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये आफ्रिकन कॅरिबियन कम्युनिटी इनिशिएटिव्ह ही संस्था १९८७ पासून आपल्या लोकांसाठी काम करतेय, ती याच विचाराने.

दुसरी गोष्ट भाषा. इथे भाषा म्हणजे नुसता दुभाष्या नाही. झिम्बाब्वेच्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, त्याचा अर्थ फार विचार करत राहणं. बाई सांगते, 'मला कुफुंगिसिसा झालंय', आणि फॉर्मवर रकाना असतो फक्त 'डिप्रेशन'चा. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. आपल्या आज्यांनी कधी 'मला नैराश्य आलंय' म्हटलं? त्या म्हणाल्या, जीव थाऱ्यावर नाही, काळजात धडधडतं, कशात मन लागत नाही. लंडनमध्ये १९८३ मध्ये मूळचे कोलकात्याचे जाफर करीम यांनी नफ्सियात हे केंद्र सुरू केलं, ते यासाठीच. माणूस ज्या शब्दांत दुःख सांगतो, त्याच शब्दांपासून थेरपी सुरू व्हावी.

तिसरी गोष्ट कुटुंब. सायकोसिसच्या रुग्णाच्या घरच्यांना बरोबर घेऊन उपचार करावेत, अशी ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची शिफारस आहे. पण आफ्रिकन-कॅरिबियन रुग्णांपर्यंत ती क्वचितच पोचते, आणि पुष्कळ जणांचं घराशी नातंही तुटलेलं असतं. मँचेस्टर विद्यापीठात डॉन एज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून या उपचाराचा नवा साचा बनवला. वंशभेदाचा अनुभव, आजाराबद्दलच्या समजुती, डॉक्टरांवरचा अविश्वास हे विषय त्यात उघडपणे घेतले जातात. ज्याला घरचं कोणी नाही त्याच्याबरोबर मित्र, चर्चमधली ओळखीची व्यक्ती किंवा प्रशिक्षित स्वयंसेवक कुटुंब म्हणून बसतो. ज्यांच्यापर्यंत पोचणं अवघड असं सगळे म्हणत होते, त्या लोकांमधल्या २६ कुटुंबगटांनी हा उपचार सुरू केला, आणि त्यातल्या २४ गटांनी दहाही बैठका पूर्ण केल्या. ही छोटी, प्राथमिक चाचणी होती. आजार किती बरा होतो, हे तेवढ्यावरून ठरत नाही. पण 'ही माणसं येतच नाहीत' हे वाक्य मात्र त्यानंतर जपून वापरावं लागतं.

चौथी गोष्ट पोटापाण्याची. घर, भत्ते, कर्ज, व्हिसाची कागदपत्रं. १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' जहाज टिलबरी बंदराला लागलं, तेव्हापासून पुढची काही दशकं कॅरिबियन लोक ब्रिटनमध्ये हक्काने आले. २०१८ मध्ये उघड झालं, की त्यातल्या कित्येकांना कागद नाहीत म्हणून परकं ठरवलं जातंय. कोणाची नोकरी गेली, कोणाचे उपचार थांबले, काहींना तर देशाबाहेर काढलं. अशा माणसाला झोप लागत नसेल, तर त्याला श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी वकील गाठून द्यावा लागतो. चांगला सामुदायिक कार्यकर्ता दोन्ही करतो.

पाचवी गोष्ट बाजू मांडणारं माणूस. सेक्शन झालेल्या रुग्णाला स्वतंत्र ॲडव्होकेट मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. म्हणजे कोर्टातला वकील नव्हे, तर वॉर्डात रुग्णाच्या बाजूने बोलणारी प्रशिक्षित व्यक्ती. २०१८ मध्ये सर सायमन वेसली यांच्या समितीने सुचवलं, की हा ॲडव्होकेट रुग्णाची संस्कृती जाणणारा असावा. त्याच अहवालातून एक चौकट पुढे आली. तिचं नाव पेशंट अँड केअरर रेस इक्वॅलिटी फ्रेमवर्क. एनएचएस इंग्लंडने ती ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केली आणि सगळ्या मानसिक आरोग्य ट्रस्टना ती लागू आहे. ट्रस्टने आपले वंशवार आकडे मांडायचे, आणि रुग्ण व नातेवाईकांना सोबत घेऊन ते सुधारायचे. 'रुग्णांची संस्कृती समजून घ्या' एवढ्यावर न थांबता ती यंत्रणेला स्वतःकडे बघायला लावते. कारण संस्कृती फक्त रुग्णालाच असते असं थोडंच आहे? वॉर्डालाही एक संस्कृती असते. कोणाचा चढा आवाज 'वैताग' ठरतो आणि कोणाचा 'धोका', हे तिच्यातच ठरतं.

एक सावधगिरी. 'आफ्रिकन आणि कॅरिबियन' हा एक समाज नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे २४ लाख लोकांनी स्वतःला कृष्णवर्णीय म्हणून नोंदवलं. त्यात आफ्रिकन सुमारे १५ लाख, कॅरिबियन सव्वासहा लाखांच्या आसपास. युद्धातून पळून आलेली सोमाली मुस्लिम आई, नायजेरियन बँकर आणि बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला, जमैका कधीच न पाहिलेला विशीतला मुलगा, या तिघांना एकच 'संस्कृती' चिकटवली, तर तीही एक चूकच. म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा विचारणं बरं.

हे शहाणपण कुठून आलं?

समाजातल्या माणसांनी मनाचे आजार सांभाळायचे, ही कल्पना आफ्रिकेला नवी नाही. १९५४ मध्ये नायजेरियात अबेओकुटाजवळच्या आरो इथे थॉमस अडेओये लाम्बो यांनी रुग्णांना जवळच्या गावांमध्ये, नातेवाईकांसह ठेवायला सुरुवात केली. दिवसा रुग्णालयात उपचार, बाकी वेळ गावात कामधंदा. पाश्चात्त्य शिक्षण घेतलेले ते नायजेरियाचे पहिले मानसोपचारतज्ज्ञ. पण भिंतींच्या आतल्या रुग्णालयाची नक्कल करायचं त्यांनी टाळलं.

झिम्बाब्वेत २००६ मध्ये डिक्सन चिबांडा यांनी हरारेतल्या आरोग्यकेंद्रांबाहेर बाकं टाकली आणि तिथे प्रशिक्षित आज्यांना बसवलं. हाच तो 'फ्रेंडशिप बेंच'. कुफुंगिसिसाने त्रासलेला माणूस येतो, आजी ऐकून घेते, मग दोघं मिळून एक अडचण निवडतात आणि तिच्यावर काय करता येईल ते ठरवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं आज्यांकडे गेलेल्यांमध्ये सुमारे १४ टक्क्यांना उरली होती. नेहमीचीच, थोडी वाढवलेली सेवा मिळालेल्यांमध्ये ती जवळपास ५० टक्क्यांना होती.

याचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही लागतो. मुंबईत जन्मलेले विक्रम पटेल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हरारेत काम करत होते. तिथे त्यांनी लोक मनाचा त्रास कसा सांगतात, याचा अभ्यास केला. मग ते गोव्यात आले आणि १९९६ मध्ये 'संगाथ' ही संस्था उभी राहिली. गोव्याच्या आरोग्यकेंद्रांत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांना घेऊन केलेल्या त्यांच्या कामाचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांमध्ये फरक ठळक होता. 'लंडनकडून शिका' अशी ही गोष्ट नाही. लंडनच हरारे आणि गोव्याकडून शिकू शकतं.

मग हे सगळीकडे का नाही?

कारण पैसा, आणि पैशाच्या अटी. बेनेट अहवालानंतर सरकारने २००५ मध्ये पाच वर्षांची योजना काढली. त्यात ५०० सामुदायिक कार्यकर्ते नेमायचे होते. २०१० पर्यंत दरवर्षी रुग्णगणना झाली, आणि सक्तीच्या आकड्यांतली तफावत काही कमी झाली नाही. पुढे योजना संपली. छोट्या संस्थांना बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांचं कंत्राट मिळतं. विश्वास जमायला तेवढा काळ लागतो, आणि जमतोय तोवर पैसे संपतात. कार्यकर्ता निघून गेला की लोकांच्या मनात पक्कं होतं, 'बघा, हेही सोडून गेले.'

उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. 'समाजच सांभाळेल' हे सरकारसाठी स्वस्तातलं निमित्त होऊ शकतं. तीव्र सायकोसिसला औषध लागतं, कधी कधी खाटही लागते. एखादा पाद्री औषध सोडून फक्त प्रार्थना करायला सांगत असेल, तर ती संस्कृतीला साजेशी मदत नाही, ते नुकसान आहे. आजी, न्हावी, पाद्री हे डॉक्टरच्या जागी नकोत. ते डॉक्टरकडे जाणाऱ्या वाटेवर हवेत, आणि त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला डॉक्टर घाबरणारा नसावा.

आपला काय संबंध?

आहे. ब्रिटनच्या मनोरुग्णालयांत भारतात शिकलेले डॉक्टर आणि नर्स पुष्कळ आहेत, त्यात मराठी माणसंही आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण उद्या त्या वॉर्डात ड्युटीवर असतील आणि समोर उंचापुरा, चिडलेला, घाबरलेला कृष्णवर्णीय तरुण असेल. त्या क्षणी आपण घरून काय घेऊन आलोय ते बाहेर येतं. 'त्या भागात रात्री जाऊ नको', 'ते लोक तसलेच', घर भाड्याने देताना ठेवलेली अट, गोरेपणाचं कौतुक, हे आपल्या घरांत बोललं जातं, हे नाकारण्यात अर्थ नाही. वंशभेद गोऱ्यांनीच करावा असा काही नियम नाही.

डॉक्टर नसाल तरी रूममेट असाल, सहकारी असाल. कोणी तीन आठवडे खोलीबाहेर आलं नाही, कोणाचं बोलणं तुटक झालं, तर पोलिसांची वेळ येण्याच्या कितीतरी आधी विचारता येतं. इंग्लंडमध्ये १११ ला फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडता येतो. समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. जिवाला धोका असेल तर ९९९. मित्र कृष्णवर्णीय असेल आणि 'नको, हॉस्पिटल नको' म्हणाला, तर त्याला भित्रा ठरवू नका. तुला कोण बरोबर आलेलं चालेल, हे विचारा, आणि चालणार असेल तर स्वतः जा. तो आत एकटा जाणार की कोणाच्या सोबतीने, यावर पुढचं बरंच काही ठरतं.